टाळ्यांचे कर्ज

२०२१ सालच्या डिसेंबरअखेरीस गोव्यात कळंगुट येथे क्रिस्तियानो रोनाल्दो या पोर्तुगीज फुटबॉलपटूचा पुतळा बसवण्यात आला. वजन ४१० किलो. गोव्यातील पोरांना फुटबॉलची प्रेरणा मिळावी, असा हेतू सांगितला गेला. त्याच वेळी काही मंडळी काळे झेंडे घेऊन तेथे जमली होती. गोवामुक्तीला साठ वर्षे पूर्ण होऊन दहा-बारा दिवसही लोटले नव्हते. ज्यांनी साडेचारशे वर्षे राज्य केले त्यांच्याच माणसाचा पुतळा या वर्षी का, असा त्यांचा सवाल होता.

पुढे एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही गोव्याला गेलो तेव्हा तो पुतळा पाहिला. सोबतची मुले पुतळ्याजवळ उभी राहून फोटो काढू लागली. आमच्यातले एक बुजुर्ग मात्र रस्त्याच्या पलीकडेच थांबले. "यांना घालवायला माणसं मेली, आणि आता यांचेच पुतळे!" ते म्हणाले. एक मुलगा हसून म्हणाला, "मामू, त्याने कुठे राज्य केलं? तो फक्त खेळतो." बुजुर्गांना उत्तर सुचले नाही. खरे तर आम्हालाही सुचले नाही. मुलाचे म्हणणे बरोबर होते. १९८५ साली मदेइरा बेटावर पालिकेच्या माळ्याच्या घरी जन्मलेल्या पोराचा गोव्याच्या गुलामीशी काय संबंध? आणि बुजुर्गांचे दुःखही खोटे नव्हते.

परतीच्या प्रवासात हा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. खेळाडूवर प्रेम करताना त्याच्यामागे उभ्या असलेल्या देशाचा हिशेब मांडायचा की नाही? लोकप्रियता म्हणजे नक्की कोणाकडून कोणाला मिळालेले काय असते? रोनाल्दोच्या बाबतीत हा प्रश्न फारसा खोल जात नाही. तो स्वतंत्र देशाचा स्वतंत्र माणूस आहे. आपले कसब हव्या त्या बाजारात विकतो. मँचेस्टर, माद्रिद, तुरीन आणि २०२३ पासून रियाध. प्रश्नाचे खरे टोक पाहायचे तर त्याच्या आधीच्या पोर्तुगीज नायकाकडे गेले पाहिजे. तो म्हणजे युसेबिओ.

युसेबिओला पोर्तुगीज म्हणावे की नाही, येथूनच सुरुवात होते. त्याचा जन्म २५ जानेवारी १९४२ चा, मोझांबिकमधील लॉरेन्सो मार्केस या शहरातला. आज त्या शहराचे नाव मापुटो आहे. बाप अंगोलातून आलेला गोरा रेल्वे कामगार, आई मोझांबिकची काळी स्त्री. पोरगा आठ वर्षांचा असताना बाप वारला. आईने मुलांना वाढवले ते मफालाला नावाच्या वस्तीत. शहराचे दोन भाग होते : गोऱ्यांचे सिमेंटचे शहर आणि त्याच्या कडेने पसरलेले काळ्यांचे बोरूचे, लाकडाचे, पत्र्याचे शहर. मफालाला दुसऱ्या भागातली. उत्तरेकडून आलेले मकुआ, कोमोरो बेटांवरचे लोक, त्यांत मुसलमानांचीही मोठी वस्ती. अशा गल्लीबोळांत अनवाणी पायांनी, मोज्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून केलेल्या चेंडूने युसेबिओ खेळायला शिकला.

१७ डिसेंबर १९६० रोजी तो लिस्बनला उतरला. स्पोर्टिंग आणि बेनफिका या दोन मोठ्या क्लबांत त्याच्यावरून ओढाताण चालली होती. म्हणून त्याला 'रूथ मालोसो' या बाईच्या नावाने आणले गेले आणि काही दिवस दक्षिणेकडील किनाऱ्यावरच्या हॉटेलात दडवून ठेवले गेले. पोराचे वय अठरा. असे सांगतात की आईने त्याच्याजवळ एक चिठ्ठी दिली होती, बेनफिकात आधीपासून खेळणाऱ्या मारियो कोलुना या मोझांबिकच्याच खेळाडूच्या नावे. माझ्या मुलाकडे लक्ष ठेव, एवढाच तिचा मजकूर. कोलुनाने ती जबाबदारी निभावली.

तारखांकडे जरा लक्ष द्यावे. युसेबिओ लिस्बनला उतरला त्याला एक वर्ष आणि दोन दिवस होत असताना, १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. एकाच साम्राज्याच्या एका कोपऱ्यातून एक पोरगा राजधानीत येत होता आणि दुसरा कोपरा साम्राज्यातून निसटत होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने हा पराभव कधीच मान्य केला नाही. त्याने राग काढला तो मोझांबिकमधील भारतीयांवर. तेथील भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबण्यात आले, त्यांच्या मालमत्तेवर टाच आणली गेली आणि १९६२ मध्ये त्यांना देशाबाहेर काढण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या दुकाने चालवणारी ही माणसे. त्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. त्याच १९६२ च्या २ मे रोजी ॲमस्टरडॅमला युसेबिओने रेआल माद्रिदविरुद्ध युरोपियन कपाच्या अंतिम सामन्यात दोन गोल केले. बेनफिका ५–३ ने जिंकली. सामना संपल्यावर पुश्काशसारख्या बुजुर्ग खेळाडूने आपला शर्ट या वीस वर्षांच्या पोराला दिला. लिस्बन वेडे झाले.

या वेडाचा कळस झाला १९६६ च्या इंग्लंडमधील विश्वचषकात. २३ जुलैला गुडिसन पार्कवर उत्तर कोरियाने पहिल्या पंचवीस मिनिटांत पोर्तुगालवर तीन गोल चढवले. युसेबिओने एकट्याने चार गोल केले. गोल झाला की आनंद करत न बसता जाळ्यातला चेंडू उचलायचा आणि मध्यरेषेकडे धावत सुटायचे, हे त्याचे चित्र ज्यांनी पाहिले ते विसरले नाहीत. पोर्तुगाल ५–३ ने जिंकले. उपांत्य सामन्यात इंग्लंडकडून २–१ असा पराभव झाला आणि युसेबिओ रडत मैदानाबाहेर गेला. पोर्तुगीज लोक त्या सामन्याला आजही 'अश्रूंचा सामना' म्हणतात. स्पर्धेत सर्वाधिक नऊ गोल त्याचेच होते. पोर्तुगाल तिसरे आले. त्या संघाचा कर्णधार कोलुना. बचावात इलारिओ आणि विसेंते. चौघेही मोझांबिकचे.

येथे आपण थांबले पाहिजे, कारण नैतिक प्रश्न येथेच सुरू होतो.

सालाझारचे राज्य जगाला सांगत होते की आमच्या वसाहती नाहीतच. १९५१ साली कायद्यात 'वसाहत' हा शब्द काढून 'सागरापलीकडील प्रांत' असा शब्द घातला गेला. गोवा प्रांत, अंगोला प्रांत, मोझांबिक प्रांत. सगळे एकच पोर्तुगाल, मग स्वातंत्र्य कोणापासून मागता? आणि आम्ही वर्णद्वेषी असतो तर आमचा कर्णधार काळा असता का? आमची पोरे युसेबिओच्या नावाने नाचली असती का? सालाझारने स्वतः हे वाक्य म्हटले की नाही, याला महत्त्व नाही. न बोलता ते प्रत्येक छायाचित्रातून बोलले जात होते.

आणि त्याच 'प्रांतात' १९६१ पर्यंत कायद्यानेच माणसांचे दोन वर्ग होते : नागरिक आणि 'देशी'. देशी माणसाकडून सक्तीने मजुरी करून घेता येत असे, सक्तीने कापूस पिकवून घेता येत असे. कायदा गेला तरी त्याची सवय गेली नाही. सप्टेंबर १९६४ मध्ये फ्रेलिमो या संघटनेने मोझांबिकमध्ये सशस्त्र लढा सुरू केला. म्हणजे गुडिसन पार्कवर मोझांबिकची चार पोरे पोर्तुगालसाठी घाम गाळत होती तेव्हा मोझांबिकच्या उत्तरेत पोर्तुगालची फौज त्यांच्याच भाईबंदांवर गोळ्या झाडत होती.

इतकेच नव्हे. मफालालाशी नाते असलेला आणखी एक माणूस त्या जुलै महिन्यात तुरुंगात होता. त्याचे नाव जोझे क्राव्हेरिन्या. मोझांबिकचा थोर कवी. बाप पोर्तुगीज, आई आफ्रिकन. फुटबॉलचा शौकीन, वर्तमानपत्रांत खेळावर लिहिणारा. फ्रेलिमोशी संबंध असल्याच्या आरोपावरून गुप्त पोलिसांनी त्याला धरले आणि काही वर्षे कोठडीत ठेवले. एकाच वस्तीच्या मातीतले दोघे. एकाच्या नावाने लिस्बनचे रस्ते गर्जत होते आणि दुसऱ्याच्या नावाची फाइल त्याच राज्याच्या पोलिसांकडे होती. पायांचे स्वागत झाले, जिभेला कुलूप लागले. राज्याने मफालालावर प्रेम केले असे म्हणायचे, की मफालालातून आपल्या कामाची तेवढी वस्तू उचलली असे म्हणायचे?

'वस्तू' हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो. इटलीच्या मोठ्या क्लबांनी युसेबिओसाठी भरपूर पैसे देऊ केले होते. सालाझारच्या राज्याने त्याला जाऊ दिले नाही. तो राष्ट्राचा ठेवा आहे, असे ठरले. वरवर पाहता हा मोठाच सन्मान. पण ठेवा म्हणजे काय? ठेवा कोणाच्या तरी मालकीचा असतो. दागिन्याला कुठे जायचे हे विचारत नाहीत. तो तिजोरीत असतो आणि सणावाराला बाहेर काढतात. ज्याच्या आईच्या लोकांकडून सक्तीने कापूस पिकवून घेतला जात होता, त्याच्या पायांवरही अखेर मालकी सांगितली गेली. फक्त ती प्रेमाच्या भाषेत सांगितली गेली.

मग युसेबिओने काय करायला हवे होते? अनेकांनी नंतर हा प्रश्न कडवटपणे विचारला. तो बोलला नाही. १९७२ च्या डिसेंबरात मोझांबिकमधील विरियामू आणि आसपासच्या गावांत पोर्तुगीज सैनिकांनी शेकडो गावकऱ्यांची कत्तल केली. पुढच्या वर्षी ती बातमी जगभर पोचली. त्या हंगामात युसेबिओने लीगमध्ये चाळीस गोल करून युरोपचा सुवर्णबूट मिळवला. दोन्ही गोष्टी एका कागदावर लिहिल्या की वाचणाऱ्याला अस्वस्थ वाटते. आम्हालाही वाटले.

पण न्याय करायला बसताना आपण कोठे बसलो आहोत हेही पाहावे. अठराव्या वर्षी दुसऱ्याच्या नावाने परदेशी आणलेला पोरगा. गुप्त पोलिसांचे राज्य. आई, भावंडे त्याच राज्याच्या हद्दीत. गुडघ्यावर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया. अशा माणसाकडून आपण हौतात्म्य मागतो. क्राव्हेरिन्याने ते केले. त्याचा आदर आहेच. पण एकाचे शौर्य हे दुसऱ्यावरचे देणे होत नाही. माणूस का गप्प राहिला, हे बाहेरून कळत नाही. भीतीने, अजाणतेपणाने, की त्याला खरोखरच दोन्ही घरे आपली वाटत होती म्हणून? नियत जाणणारा एकच असतो. आपण फक्त कृत्ये मोजू शकतो. आणि युसेबिओच्या कृत्यांत कोणाचा घात केल्याची नोंद नाही.

शिवाय मोझांबिक १९७५ साली स्वतंत्र झाल्यावरही तो पोर्तुगालचाच राहिला, हे त्याने स्वखुशीने निवडले होते. कोलुना परत गेला, मापुटोत राहिला, तेथील फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष झाला. क्राव्हेरिन्याला १९९१ मध्ये पोर्तुगीज भाषेतला सर्वोच्च साहित्यसन्मान, कामोइंश पुरस्कार मिळाला. तो मिळवणारा तो पहिला आफ्रिकन लेखक. पोरांत फुटबॉल खेळणारी मारिया मुतोला ही मुलगी हेरून तिला धावण्याकडे वळवले तेही त्यानेच. तिने २००० साली सिडनीला ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले. तिघांनी तीन वाटा धरल्या. तिघांचेही बाप गोरे, तिघांच्याही आया आफ्रिकन. यातली एकच वाट इमानाची आणि बाकीच्या बेइमानीच्या, असे म्हणायला आमची जीभ धजत नाही. माणसाला दोन घरे असू शकतात. एका घराने दुसऱ्याचा गळा आवळला तर दोष घरात राहणाऱ्याचा नसतो. गळा आवळणाऱ्याचा असतो.

म्हणून आम्हाला वाटते की आपण प्रश्न चुकीच्या माणसाला विचारत आलो. लोकप्रिय माणसाने काय केले, हे आपण विचारतो. ज्यांनी त्याला लोकप्रिय केले त्यांनी काय केले, हे विचारत नाही.

युसेबिओच्याच आयुष्यातला एक प्रसंग याबाबत आम्हाला वाट दाखवतो. २९ मे १९६८, वेम्बली. युरोपियन कपाचा अंतिम सामना, बेनफिका विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. बरोबरी १–१. वेळ संपत आलेली. युसेबिओ एकटा पुढे सुटला, समोर फक्त गोलरक्षक ॲलेक्स स्टेप्नी. त्याने मारलेला जबरदस्त फटका स्टेप्नीने छातीशी धरला. कप हातातून निसटला होता. युसेबिओने काय केले? तो थांबला आणि स्टेप्नीसाठी टाळ्या वाजवल्या. जादा वेळेत बेनफिका ४–१ ने हरली.

टाळ्या दोन प्रकारच्या असतात, हे आम्हाला या प्रसंगावरून उमगले. एक, आपल्या फायद्यासाठी खेळणाऱ्याला दिलेल्या. त्यांत आपले काही जात नाही. उलट आपली छाती फुगते. दुसऱ्या, स्वतःचे नुकसान सोसून दिलेल्या. युसेबिओच्या टाळ्या दुसऱ्या प्रकारच्या होत्या. त्याला मिळालेल्या टाळ्या बहुतांशी पहिल्या. त्याच्यावर खरे प्रेम करायचे तर लिस्बनच्या माणसाला किंमत मोजावी लागली असती. हा पोरगा जेथून आला तेथे पक्की घरे का नाहीत, हे विचारावे लागले असते. त्याच्या वस्तीतला कवी आत का आहे, हे विचारावे लागले असते. त्या विचारण्यात नोकरी गेली असती, कदाचित तुरुंग मिळाला असता.

असे विचारणारे कोणीच नव्हते असे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. २२ जून १९६९ रोजी पोर्तुगीज कपाचा अंतिम सामना बेनफिका आणि कोईम्ब्राच्या विद्यार्थ्यांचा संघ अकादेमिका यांच्यात झाला. विद्यार्थ्यांचा सरकारशी झगडा चालू होता. त्यांनी स्टेडियममध्येच निषेधाचे फलक उंचावले. सामना दूरचित्रवाणीवर दाखवला गेला नाही. जादा वेळेत विजयी गोल युसेबिओने केला. आणि २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाही उलथवली तीही वसाहतींतल्या युद्धाला विटलेल्या पोर्तुगीज सैनिकांनीच. तेव्हा 'पोर्तुगीज' नावाचा एकच माणूस नसतो. कळंगुटला काळे झेंडे पाहताना आम्हाला याचीही आठवण ठेवावीशी वाटते.

सशर्त टाळ्यांचा प्रकार युसेबिओबरोबर संपला नाही. मेसुत ओझिल हा तुर्की कुळातला खेळाडू २०१४ साली जर्मनीचा विश्वविजेता होता. २०१८ मध्ये संघ लवकर बाहेर पडला आणि तो परका झाला. जिंकलो की जर्मन, हरलो की परदेशी, अशा आशयाचे दुःख मांडून त्याने राष्ट्रीय संघ सोडला. २०२१ च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या तीन काळ्या तरुणांच्या पेनल्टी हुकल्या आणि रात्रीतून त्यांच्या रंगावर शिव्यांचा भडिमार सुरू झाला. आदल्या आठवड्यात तेच लाडके होते. ज्या नात्याला प्रत्येक सामन्यानंतर नव्याने पुरावा द्यावा लागतो, त्याला नाते म्हणत नाहीत. ती हजेरी असते. आपल्यापैकी कित्येकांना यावर अधिक भाष्याची गरज भासणार नाही.

युसेबिओ ५ जानेवारी २०१४ रोजी गेला. पोर्तुगालने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला. त्याच्या इच्छेप्रमाणे शवपेटी बेनफिकाच्या स्टेडियममध्ये मैदानाभोवती फिरवण्यात आली. २०१५ च्या जुलैत त्याचे अवशेष राष्ट्रीय स्मारकमंदिरात हलवण्यात आले. तेथे जागा मिळालेला तो पहिला फुटबॉलपटू. कोलुना त्याच्या पाठोपाठ दोन महिन्यांच्या आत मापुटोत वारला. ज्याच्या नावे आईने चिठ्ठी दिली होती तो आपल्या मातीत गेला आणि जिचा मुलगा होता तो दुसऱ्या मातीत सन्मानाने निजला. पोर्तुगालने त्याला दिलेला अखेरचा मान दिखाऊ नव्हता, असे आम्ही मानतो. रडणारी माणसे खोटी रडत नव्हती. पण मान आणि फेड यांत फरक आहे. दगडी मंदिरात एकाला जागा देणे सोपे असते. त्याच्यासारखे हजारो लिस्बनच्या कडेच्या झोपडवस्त्यांत राहायला आले तेव्हा त्यांना शेजारी म्हणणे कठीण गेले.

लोकप्रियतेला आपण नेहमी मिळवणाऱ्याची कमाई समजतो. आम्ही ती देणाऱ्याकडची अमानत समजू लागलो आहोत. आपण कोणासाठी टाळी वाजवली की आपल्या खात्यावर एक कर्ज चढते. ज्याच्या पायांनी, गळ्याने, लेखणीने आपल्याला आनंद दिला, त्याच्या वस्तीची, त्याच्या माणसांची विचारपूस करण्याचे कर्ज. हे कर्ज पोर्तुगीजांवर आहे तसे आपल्यावरही आहे. आपणही गाणाऱ्याला डोक्यावर घेतो आणि त्याच्या बिरादरीला पंगतीत बसवताना कुरकुरतो. आपल्या मोहल्ल्यातली एखादी मुलगी शिकून मोठी झाली की सत्कार करतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच मुलीला शाळेतून काढतो. तेव्हा सालाझारचा हिशेब मांडताना आपली वही मिटून ठेवता येणार नाही.

कळंगुटच्या पुतळ्याबद्दल आता विचारले तर आम्ही काय सांगू? बुजुर्गांना सांगू की मुलाला खेळावर प्रेम करू द्या. रोनाल्दोच्या पायांवर कोणाचे रक्त नाही. आणि मुलाला सांगू की बाळा, फोटो जरूर काढ, पण घरी आल्यावर मामूंजवळ बस आणि गोवा कसा सुटला ते त्यांच्या तोंडून ऐक. मफालालाच्या त्या पोराची गोष्टही ऐक. गोल मोजायला तुला येतेच. ज्या गल्लीत तो अनवाणी धावला, त्या गल्लीचे पुढे काय झाले, हेही विचारायला शीक.